झूम आउट केलं की खडक गायब: आधी चार्टचा प्रकार ओळखा, मग सेटिंग बदला

बोटीचा मार्ग इलेक्ट्रॉनिक चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, आखताना पडद्यावर मोकळं पाणी दिसतं. आपण रेषा ओढतो, वेपॉइंट (मार्गावरचे ठरलेले बिंदू) टाकतो आणि अंतर-वेळेचा हिशेब जमवतो. नंतर तोच पट्टा जवळून बघावा, तर रेषेच्या मधोमध ओहोटीला डोकं वर काढणारा खडक! झूम आउट केलं की खडक नाही. झूम इन केलं की पुन्हा आहे.

पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मला वाटलं चार्टचं कार्डच खराब झालं. कार्ड पुसलं, फाइली पुन्हा भरल्या, प्लॉटर (चार्ट दाखवणारं बोटीवरचं यंत्र) बंद करून चालू केला, काडीचाही फरक पडला नाही. पुढे दुसऱ्यांच्या बोटींवरही हाच प्रश्न दिसत राहिला. त्याची आणखी दोन भावंडं आहेत. एक म्हणजे प्लॉटर आणि टॅबलेट शेजारी ठेवले की एकाच जागेची दोघांवर वेगळी खोली. दुसरं म्हणजे धक्क्याला बांधलेली बोट पडद्यावर चक्क जमिनीत घुसलेली. तिन्ही तक्रारींत लोक यंत्राची खटपट करत बसतात आणि पडद्यावरचा चार्ट कोणत्या जातीचा आहे हे मात्र बघत नाहीत. उपाय त्या जातीवर ठरतो. रास्टर (चित्ररूप) चार्टवर व्हेक्टरचा (नोंदींच्या साठ्याचा) उपाय करून काही साधत नाही, आणि उलटंही तेच.

पडद्यावर नक्की काय आहे?

यासाठी तीन चाचण्या आहेत, मिनिटभराच्या.

चार्ट फिरवा, म्हणजे उत्तर वर ठेवण्याऐवजी बोटीची दिशा वर ठेवा. अक्षरं आणि आकडे चार्टबरोबर तिरके-उलटे झाले, तर तो रास्टर. अक्षरं सरळच राहिली, तर व्हेक्टर.

झूम इन करत जा. आकडे मोठे होत होत फुटायला लागले तर रास्टर. आकड्यांचा आकार तोच राहिला आणि नवे तपशील उगवत गेले तर व्हेक्टर.

एखाद्या बोयावर (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेवर) बोट ठेवा. रंग, आकार, दिव्याची लय अशी माहिती उघडली तर व्हेक्टर. काहीच उघडलं नाही तर बहुधा रास्टर.

रास्टर म्हणजे कागदी चार्टचं चित्र, अक्षांश-रेखांशांना जोडलेलं. त्यात खडक हा सॉफ्टवेअरच्या लेखी खडक नसतो, नुसते काळे ठिपके असतात. त्यामुळे रास्टर चार्ट तुम्हाला कधीच इशारा देऊ शकत नाही. व्हेक्टर म्हणजे माहितीचा साठा. प्रत्येक बोया, खोलीची प्रत्येक रेषा, प्रत्येक बुडालेलं जहाज ही वेगळी नोंद, आणि पडदा दर वेळी त्या नोंदींवरून नव्याने रंगतो. काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे सॉफ्टवेअर ठरवतं. गायब होणाऱ्या खडकाचं मूळ इथे आहे.

व्हेक्टरमध्येही दोन घराणी आहेत, आणि हा भेद मला रास्टर-व्हेक्टरपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. पहिलं घराणं ईएनसी: देशोदेशीच्या जलसर्वेक्षण कार्यालयांनी स्वतःच्या जबाबदारीवर काढलेले अधिकृत चार्ट. ते आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या एस-५७ या मानकाप्रमाणे बनतात. दुसरं घराणं खाजगी कंपन्यांचं. नॅव्हिऑनिक्स, सी-मॅप आणि गार्मिन ही त्यातली परिचित नावं. या कंपन्या अधिकृत माहिती घेतात, स्वतःची भर घालतात आणि आपापल्या प्लॉटरला चालणाऱ्या रूपात विकतात. काहींमध्ये बोटवाल्यांच्या सोनार यंत्रांनी (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणाऱ्या) जमवलेल्या खोल्यांचा वेगळा थरही असतो. नांगर टाकायची जागा शोधायला तो थर फार उपयोगी पडतो. पण तो आणि अधिकृत सर्वेक्षण यांना एकाच मापाने तोलू नका.

तुमच्याकडे ईएनसी असेल तर फाइलीच्या नावावरूनच बरंच कळतं. नाव आठ अक्षरांचं असतं. पहिली दोन अक्षरं चार्ट काढणाऱ्या संस्थेचा संकेत. तिसऱ्या जागी १ ते ६ मधला आकडा: १ म्हणजे महासागराचा ढोबळ चार्ट, ३ किनाऱ्याचा, ४ बंदराकडे येण्याच्या वाटेचा, ५ बंदराचा आणि ६ थेट धक्क्याचा. खाडीत शिरताना माहितीच्या चौकटीत ५ ऐवजी ३ चा सेल (ईएनसीची एक फाइल) दिसत असेल, तर मोठ्या प्रमाणाचा, म्हणजे जास्त तपशिलाचा, चार्ट एक तर बसवलेला नाही, किंवा त्या जागेचा अस्तित्वातच नाही.

एक फसवी जात लक्षात ठेवा. हल्ली ईएनसीवरूनच तयार केलेल्या चित्रांच्या फरशा मिळतात, एमबीटाइल्स रूपात. दिसायला अगदी व्हेक्टर, पण आत निव्वळ चित्र. बोयावर बोट ठेवल्यावर काहीच उघडत नाही आणि खोलीचे रंगही बदलता येत नाहीत. "सेफ्टी कॉन्टूर (आपल्या बोटीला सुरक्षित पाण्याची हद्द दाखवणारी खोलीची रेषा) बदलला तरी रंग तसाच" ही तक्रार आली की मी आधी हेच तपासतो.

खडक गायब होतो तेव्हा

व्हेक्टर चार्टवर यामागे तीन वेगळी कारणं असू शकतात, आणि तिन्ही एकाच वेळी लागू असू शकतात. म्हणून एक सेटिंग बदलून प्रश्न सुटला नाही की लोक वैतागतात.

पहिलं कारण नोंदीतच लिहिलेलं असतं. ईएनसीतल्या पुष्कळ नोंदींना एक किमान प्रमाण दिलेलं असतं, त्याला स्कामिन म्हणतात. समजा एखाद्या नोंदीचं स्कामिन ९०,००० आहे. पडद्याचं प्रमाण १:९०,००० पेक्षा ढोबळ झालं की ती नोंद झाकली जाते. हेतू चांगला आहे, नाहीतर दूरवरून पाहताना पडदा आकड्यांनी काळाकुट्ट होईल. पण मार्ग आखताना आपण नेमके दुरूनच पाहत असतो. ओपनसीपीएन हे चार्टचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर व्हेक्टर चार्टच्या सेटिंगमध्ये ढोबळ प्रमाणावर तपशील कमी करण्याचा पर्याय आहे. मार्ग आखताना तो बंद ठेवा. पडदा गजबजेल, तो गजबजू द्या.

दुसरं कारण म्हणजे डिस्प्लेची पातळी. बेस, स्टँडर्ड आणि ऑल अशा पायऱ्या असतात, प्लॉटरवर त्यांनाच कमी, मध्यम, जास्त तपशील म्हटलेलं असतं. बेसमध्ये किनारा, सेफ्टी कॉन्टूर आणि सुरक्षित पाण्यातले सुटे धोके एवढंच येतं. स्टँडर्डमध्ये बोये, दिवे, वर्ज्य क्षेत्रं यांची भर पडते. खोलीचे सुटे आकडे मात्र स्टँडर्डमध्येही नसतात, ते ऑलमध्ये किंवा वेगळ्या बटणावर. "आकडेच दिसत नाहीत" या तक्रारीचं उत्तर दहातल्या बहुतेक वेळा एवढंच असतं.

तिसरं कारण अधिक खोलवरचं आहे. झूम आउट केल्यावर सॉफ्टवेअर ५ किंवा ४ चा सेल सोडून ३ किंवा २ चा सेल उचलतं. हा निराळा चार्ट असतो, ढोबळ कामासाठी निराळ्या हाताने काढलेला. त्यात तो खडक काढलेलाच नसेल, तर कोणतंही बटण तो आणू शकत नाही. खाजगी चार्टवर ही अदलाबदल इतकी गुळगुळीत असते की चार्ट बदलला हे जाणवतही नाही.

याची किंमत किती मोठी असू शकते ते २९ नोव्हेंबर २०१४ ला दिसलं. व्हॉल्व्हो ओशन रेसमधली टीम व्हेस्टास विंडची ६५ फुटी बोट हिंदी महासागरात, मॉरिशसच्या ईशान्येला, कार्गाडोस काराहोसच्या प्रवाळ-खडकांवर रात्री आदळली. सगळे नऊजण वाचले. पुढच्या वर्षी आलेल्या स्वतंत्र अहवालाने दोन्ही बाजूंवर बोट ठेवलं: बोटीवर इलेक्ट्रॉनिक चार्ट नीट वापरले गेले नाहीत, आणि झूम आउट केल्यावर चार्ट हा धोका पुरेसा दाखवतही नव्हते. जगातले निष्णात दर्यावर्दी ज्या सापळ्यात अडकले तो आपल्या पडद्यावरही तसाच आहे. म्हणून मी ही तक्रार कधीच किरकोळ मानत नाही.

रास्टरवर खडक गायब होत असेल तर कारण एकच: सॉफ्टवेअरने शेजारचा ढोबळ चार्ट वर आणला. काही सॉफ्टवेअर अनेक रास्टर चार्ट गोधडीसारखे जोडून दाखवतात. ती जोडणी बंद करा आणि हवा तो चार्ट हाताने निवडून अडकवून ठेवा. एकाच रास्टर चार्टच्या आत काहीही गायब होत नाही. चार्टकाराने खडक काढला असेल तर तो कितीही लहान करा, राहतोच. रास्टरची ही बाजू मला अजूनही प्रिय आहे.

उपाय म्हणून एकच सवय सांगेन. मार्ग पूर्ण झाला की प्रत्येक टप्प्यावरून, उपलब्ध असलेल्या सर्वात मोठ्या प्रमाणावर, पहिल्या वेपॉइंटपासून शेवटच्यापर्यंत पडदा सरकवत जा. पन्नास मैलांच्या मार्गाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तपशील पूर्ण चालू ठेवा, आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना तुमच्या वळणाला लागेल इतकी पट्टीही बघा. मार्ग आपोआप तपासणारी सोय असेल तर ती याच्या जोडीला वापरा, याच्या बदल्यात नको.

उलट चूकही होते: गरजेपेक्षा जास्त झूम इन. १:८०,००० साठी काढलेला चार्ट १:१०,००० वर पाहिला तर नवी माहिती येत नाही, फक्त रेषांमधली रिकामी जागा वाढते. ती जागा पाहून पाणी मोकळं आहे असं वाटतं. रास्टरवर अक्षरं फुटतात, म्हणून आपण आपसूक सावध होतो. व्हेक्टरवर सगळं रेखीवच राहतं, म्हणून "ओव्हरस्केल"चा इशारा किंवा उभ्या रेघांची जाळी दिसली की तिथेच थांबा.

दोन पडदे, दोन आकडे

आधी एकक बघा. रास्टरवर छापलं असेल ते एकक कायमचं: मीटर, फूट किंवा फॅदम. फॅदम म्हणजे वाव, सहा फूट, १.८३ मीटर. एका चार्टवर फूट आणि शेजारच्यावर वाव असेल तर हद्द ओलांडताना "३" या आकड्याचा अर्थ सहापट बदलतो. व्हेक्टरवर एकक सेटिंगमधून ठरतं, त्यामुळे तिथे दोन्ही यंत्रांची सेटिंग जुळवली की भागतं.

मग शून्य कुठे धरलंय ते बघा. चार्टवरची खोली एका ठरलेल्या नीच पातळीपासून मोजतात. पुष्कळ देश खगोलीय भरती-ओहोटीची सर्वात नीच पातळी धरतात. अमेरिका रोजच्या दोन ओहोट्यांपैकी जास्त नीच असलेलीची सरासरी धरते. दोन्ही बरोबर आहेत, पण त्यांचे आकडे जुळणार नाहीत. आणि इको साउंडर (बोटीखालची खोली मोजणारं यंत्र) तर आणखी वेगळंच मोजतो: सेन्सरपासून तळापर्यंतचं, त्या क्षणीचं पाणी. साउंडरमध्ये सेन्सर ते किल (बोटीचा सर्वात खालचा कणा) किंवा सेन्सर ते पाण्याची पातळी ही भर कशी भरली आहे हे न पाहता चार्ट चुकीचा ठरवू नका. भरतीची उंची आणि ही भर जमेला धरल्यावर निम्म्या तक्रारी विरून जातात.

आकडे जुळतात पण निळा रंग जुळत नाही, हा प्रश्न सेफ्टी कॉन्टूरचा. समजा तुमच्या बोटीचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखालचा भाग, १.६ मीटर आहे आणि तुम्ही ३ मीटर भरलेत. ईएनसीत खोलीच्या रेषा ०, २, ५, १० मीटर अशाच असतील तर तीनची रेषा नाहीच. मानक असं सांगतं की मग पुढची जास्त खोलीची रेषा, म्हणजे ५ मीटरची, धरावी. म्हणून ४ मीटर पाण्याचा मोठा पट्टाही धोक्याच्या रंगात येतो. शेजारच्या खाजगी चार्टवर अर्ध्या-एक मीटरने दाट रेषा असतील तर तिथे रंग बरोबर ३ वर बदलतो. यात बिघाड कुठेच नाही. मात्र दाट रेषा म्हणजे दाट सर्वेक्षण असं समजू नका. त्यातल्या कित्येक रेषा दूरदूरच्या आकड्यांमधून गणिताने काढलेल्या असू शकतात.

आता यातला सर्वात दुर्लक्षित भाग. ईएनसीमध्ये प्रत्येक पट्ट्याच्या सर्वेक्षणाची प्रत नोंदलेली असते, तिला कॅटझॉक म्हणतात. चालू केली की ताऱ्यांचे पुंजके दिसतात. सहा तारे म्हणजे ए१: जागेची चूक साधारण ५ मीटर, खोलीची अर्धा मीटर अधिक खोलीच्या एक टक्का. बी म्हणजे जागा ५० मीटर इकडे-तिकडे, खोली एक मीटर अधिक दोन टक्के. सी असेल तर जागेत ५०० मीटर आणि खोलीत दोन मीटर अधिक पाच टक्के. म्हणजे सी पट्ट्यात "१०" लिहिलेलं पाणी साडेसात मीटरही असू शकतं, आणि बीमध्ये तळाचा कोपरान् कोपरा धुंडाळलेलाच नसतो, एखादा धोका निसटलेला असू शकतो. दोन चार्टचे आकडे भांडत असतील आणि पट्टा सी किंवा त्याहून खालचा डी असेल, तर कोण खरं हा प्रश्नच सोडा. कमी आकडा धरा आणि त्यातूनही वरची चूक वजा करा. रास्टरवर हेच काम चार्टच्या कोपऱ्यातली सर्वेक्षणाची आकृती करते, चार्टवर ती छापलेली असेल तर. खाजगी चार्टवर बहुधा यातलं काहीच समोर येत नाही, आणि माझा त्यांच्यावर सर्वात मोठा आक्षेप हाच आहे.

बोट जमिनीवर

जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या आधारावर जागा सांगतं. ईएनसी त्याच आधारावर असतात. जुने रास्टर दुसऱ्या आधारावर (या आधाराला डेटम म्हणतात) काढलेले असू शकतात. टोकियो डेटम आणि डब्ल्यूजीएस-८४ यांच्यात सुमारे चारशे मीटरचा फरक पडतो, युरोपच्या जुन्या डेटममध्ये शंभर-दीडशे मीटरचा. रास्टरच्या टिपांमध्ये जागा किती सरकवायची ते लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअर हा फरक स्वतः धरत असेल तर जीपीएसचं सेटिंग डब्ल्यूजीएस-८४ वरच ठेवा. दोघांनीही सरकवलं तर दुरुस्ती दुप्पट होते आणि बोट उलट बाजूला सरकते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जीपीएसमध्ये कोणीतरी पूर्वी बदललेला डेटम, आणि त्यावर पुन्हा सॉफ्टवेअरचा हात.

डेटम बरोबर असूनही बोट सरकलेली दिसते, तेव्हा प्रमाण बघा. १:५०,००० च्या चार्टवर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. अशा चार्टवर धक्का वीस मीटर सरकलेला असणं ही चूक नाही, ती त्या प्रमाणाची मर्यादा आहे.

आणि कधी कधी चार्टच चुकलेला असतो. १७ जानेवारी २०१३ ला अमेरिकी नौदलाचं सुरुंगशोधक जहाज गार्डियन फिलिपिन्समधल्या टुब्बाताहा प्रवाळ-खडकावर अडकलं आणि शेवटी जागेवरच तोडावं लागलं. त्यांच्या डिजिटल चार्टवर तो खडक जवळजवळ आठ सागरी मैल दूर दाखवलेला होता. जहाजावरच्याच दुसऱ्या, ढोबळ प्रमाणाच्या चार्टवर तो योग्य जागी होता. म्हणून सर्वात मोठ्या प्रमाणावर तपासा, हा वरचा सल्ला पाळतानाच एकदा ढोबळ चार्टशीही ताडून बघा. एखादं बेट किंवा खडक दोघांवर वेगळ्या जागी असेल तर त्या पट्ट्यापासून लांब राहा.

अपडेट होत नाही

अमेरिकेच्या पाण्याचे जुने रास्टर वापरत असाल तर शोधाशोध करू नका. तिथल्या नोआ या संस्थेने २०१९ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे पारंपरिक कागदी आणि रास्टर चार्ट टप्प्याटप्प्याने बंद केले, आणि २०२५ उजाडेपर्यंत ते काम संपलं. जुन्या फाइली आजही उघडतात, कोणताही इशारा न देता, पण त्या गोठलेल्या आहेत. नोआचे ईएनसी फुकट मिळतात, तेच घ्या.

ईएनसीचं अपडेट अर्ध्यात अडलं तर क्रम बघा. मूळ फाइलीच्या शेवटी टिंबानंतर तीन शून्यं असतात, मग १, २, ३ अशी क्रमाने अपडेट. तिसरी हरवली तर चौथी लागत नाही. मूळ फाइलीसकट पूर्ण संच पुन्हा घ्या. कूटबद्ध चार्ट असतील तर परवान्याची मुदतही बघा.

एस-१०१ ही ईएनसीची पुढची पिढी येते आहे. मोठ्या जहाजांवर २०२९ पासून नव्याने बसणाऱ्या ईसीडीआयएसना (मोठ्या जहाजांच्या इलेक्ट्रॉनिक चार्ट यंत्रणांना) ती वाचता यावीच लागेल. तुमच्या प्लॉटरला ती वाचता येत नसेल तर आत्ता घाबरायचं कारण नाही, तोवर एस-५७ चे चार्ट चालूच राहणार आहेत.

प्रत्येक अपडेटनंतर एक काम न चुकता करा. तुमच्या ओळखीचा एखादा बुडता खडक निवडा आणि झूम आउट करत करत तो कोणत्या प्रमाणावर नाहीसा होतो ते लिहून ठेवा. अपडेटने कधी कधी तपशिलाची सेटिंग मूळपदावर जातात, आणि हा आकडा बदलला की ते लगेच कळतं.

इतकं सगळं तपासूनही चार्ट आणि पाणी जुळत नसेल, तर त्या भागाचा चार्ट काढणाऱ्या जलसर्वेक्षण कार्यालयाला कळवा. अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ, साउंडरवरचा आकडा, त्यात धरलेली सेन्सरची भर, चार्टचा क्रमांक आणि शेवटचं अपडेट एवढं लिहा. साउंडर आणि प्लॉटर दोन्ही एकाच चौकटीत येतील असा फोटो काढता आला तर तोही जोडा.